सोबतीचा आवाज

"सोबतीला कुणाचा आवाज ठेवायचा, काका?" डॉ. ऋजुता हेरवाडकरांनी विचारलं.

तवनाप्पा मगदूमने विचार करायलाही वेळ घेतला नाही. पलंगाशेजारी स्टुलावर बसलेल्या बायकोकडे बोट केलं.

"हिचा. आणि कुणाचा?"

हौसाने मान खाली घातली. अख्ख्या संसारात नवऱ्याने चारचौघांत तिचं नाव असं कधी पुढे केलं नव्हतं. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

कोल्हापूरच्या त्या इस्पितळात तवनाप्पा डोक्यातल्या गाठीसाठी आला होता. कवटीच्या आत, डाव्या बाजूला, मेंदूच्या आवरणाला लिंबाएवढी गाठ. कर्करोग नव्हता, पण गाठ मेंदूला दाबत होती आणि काढणं भाग होतं. शिरेतून द्यायचं भुलीचं औषध त्याला सोसत नव्हतं. तपासणीपुरतं टोचलं तर अंगभर गांधी उठल्या आणि श्वास कोंडला. आता नाकातोंडावाटे द्यायचा भुलीचा वायूच वापरावा लागणार होता, आणि डॉक्टरांची काळजी त्या वायूचीच होती.

"तुम्ही दोघं इचलकरंजीला मागावर होता ना? मग मागाचंच सांगते," डॉ. ऋजुता म्हणाल्या. त्या भूलतज्ज्ञ होत्या, आणि त्यांचं आजोळ कुरुंदवाडचं, त्यामुळे मागांचा खडखडाट त्यांच्याही कानात होता. "मागाला सुताची कांडी किती लागते?"

"माग पळंल तशी," तवनाप्पा म्हणाला. "पळाला तर कांडीवालीला उसंत न्हाई. थांबला तर ती पान खाईत बसती."

"मेंदूचं तसंच आहे. मेंदूचा जो भाग काम करतो, तो साखर आणि प्राणवायू जाळतो. जेवढं जाळतो, तेवढंच रक्त तिथं येतं. वायूची भूल दिली की मेंदू मंदावतो, जाळणं कमी होतं. मग रक्तही कमी यायला हवं. पण हा वायू रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतो. त्या फुगतात. वायू जितका जास्त, तितकं रक्त जास्त. एरवी रक्तदाब चढला-उतरला तरी मेंदू आपल्या वाहिन्या आवळून-सोडून सांभाळून घेतो. जास्त वायूत ते सांभाळणंही सुटतं."

"म्हंजे माग मंद आणि कांड्यांचा ढीग," हौसा म्हणाली.

"हो. आणि कवटीच्या खोलीला दार नाही. साध्या माणसाला ते चालून जातं. काकांच्या खोलीत गाठीनं आधीच जागा अडवलीय."

यावर तोडगा निघून फार दिवस झाले नव्हते. 'मेंदूचा आरसा' म्हणतात ते यंत्र आल्यावर तो सापडला. त्या यंत्राच्या कड्यात डोकं धरलं की शस्त्रक्रिया चालू असतानाच मेंदूचं चित्र पडद्यावर दिसतं. आलेलं रक्त निळं, जाळलेला प्राणवायू पिवळा. त्यात डॉक्टरांना दिसलं की वायू कमी ठेवला तर सगळ्यात आधी भीतीचा भाग जागा होतो. माणसाला काही कळत नसतं, पण तो भाग धडधडत उठतो आणि रक्तदाब चढवतो. म्हणून वायू वाढवावा लागतो. पण त्या वेळी कानात अगदी जवळच्या माणसाचा आवाज असेल, तर कानाजवळचा एक छोटा भाग पिवळा होतो आणि भीतीचा भाग निजूनच राहतो. निम्म्या वायूवर काम होतं. डोक्याची कातडी टोचून बधिर केलेली असते, आणि मेंदूला स्वतःला दुखत नाही. त्यामुळे मोठ्या इस्पितळांत शस्त्रक्रियागृहाला लागून काचेची एक खोली असते, तिथे घरचं माणूस बसून बोलत राहतं. त्याला सोबतीचा आवाज म्हणतात.

डॉक्टर वळल्या तसं तवनाप्पाने हौसाकडे पाहिलं. ओठ हलवले, आवाज काढला नाही. *घाबरलीस?*

हौसाने तसेच ओठ हलवले. *न्हाई.*

"काय म्हणालात?" डॉक्टरांनी मागे वळून विचारलं.

"कुठं काय," तवनाप्पा हसला. "मागवाल्यांची खोड हाय ती."

साध्या मागांच्या कारखान्यात बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. हौसा आणि तवनाप्पा एकाच कारखान्यात समोरासमोर चार-चार माग चालवत आले. त्यांचं भांडणही तिथे झालं आणि समेटही तिथेच झाला, तोंडातून आवाज न काढता. भाड्याची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती, त्यामुळे घरीही तेच. पुढे कारखाना बंद पडला, खडखडाट गेला, पण सवय राहिली.

*

शस्त्रक्रियेच्या सकाळी हौसा फाटकाशी चहा घ्यायला आली, तर समोर भरमू. तवनाप्पाचा धाकटा भाऊ. पहिल्या एसटीने आला होता. हातात कापडी पिशवी.

"वैनी."

हौसाने तोंड फिरवलं. मागवाल्यांत तोंड फिरवणं म्हणजे बोलणं संपलं. डोळ्यांना ओठ दिसले नाहीत तर बोलणार कसं?

भरमू त्याच कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की पाना घेऊन येणारा. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाने त्यालाच माग खोलून भंगारात द्यायला सांगितलं. हौसाचे चार माग तिच्या डोळ्यांदेखत भरमूच्या पान्याने सुटे झाले. पुढे तो माणसांशिवाय चालणाऱ्या मागांच्या नव्या कारखान्यात लागला. हौसाने त्याला सांगितलं होतं, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. तवनाप्पा काही बोलला नव्हता. त्या घरात अशा गोष्टी हौसा ठरवायची.

भरमू चालत समोर आला. "वैनी, एकदा बगू द्या अण्णाला. लांबनं बगतो. ही कानटोपी तेवढी द्या. डोस्कं भादरलं असंल न्हवं, गार लागंल."

"तेनीच सांगितलंय," हौसा म्हणाली. "भरमूला आत सोडू नगा म्हणून."

असं काही तवनाप्पा म्हणाला नव्हता. ते वाक्य तिच्या तोंडून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. भरमूचा चेहरा पडला, तो मात्र तिने नीट पाहिला.

"अण्णा म्हणला असं?"

"व्हय."

"बरं." त्याने टोपी पिशवीत परत घातली. "मी त्या चहाच्या गाड्यावर बसतो. काय लागलं-सवरलं तर."

*

काचेच्या खोलीत एक खुर्ची, एक माईक आणि समोर पडदा. घरच्या माणसाला चित्र दिसलं की ते जीव ओतून बोलतं, म्हणून पडदा तिथेही ठेवलेला होता. काचेपलीकडे हिरव्या कापडांच्या ढिगात तवनाप्पा कुठेतरी होता. पडद्यावर त्याचा मेंदू होता, सोललेल्या अक्रोडासारखा, फिकट निळा.

"करा सुरुवात, मावशी," कानातल्या यंत्रातून डॉ. ऋजुतांचा आवाज आला.

हौसाने सुरुवात केली.

"मावशी, आवाज काढा. नुसते ओठ हलतायत तुमचे."

तिला खरंच कळलं नव्हतं. तिने घसा खाकरला. "अहो, मी हौसा. भिऊ नगासा. मी हाय हितं." तिचा आवाज तिला परका वाटला. बँकेतल्या खिडकीवर बोलावा तसा.

पडदा निळा राहिला.

तिने शेळीचं सांगितलं, शेजारच्या सुनेचं सांगितलं. यंदा पेरूला कीड लागली ते सांगितलं. दीपमाळेच्या दिवशी जैन बस्तीत कोण कोण भेटलं ते सांगितलं. कानाजवळच्या त्या जागेत पिवळं काही दिसेना. मग खोल आत, भलत्याच जागी, एक ठिपका पेटला. तिला आशा वाटली.

"तो नव्हे," डॉक्टर म्हणाल्या. "तो भीतीचा. वायू थोडा वाढवते. तुम्ही बोलत राहा."

ठिपका विझला. निळं गडद झालं.

पुन्हा तेच. ठिपका, वायू, आणखी गडद निळं. काचेपलीकडून शल्यविशारदांचा आवाज आला, "ऋजुता, मेंदू वर येतोय. कापलेल्या जागेतून बाहेर ढकलतोय. असं काम करता येणार नाही मला."

"श्वासयंत्राचा वेग वाढवलाय. वाहिन्या थोड्या आवळल्यात. त्यापुढं गेले तर मेंदू उपाशी राहील." मग त्या हौसाशी बोलल्या, घाईने पण मऊ आवाजात. "मावशी, तुमचा काही दोष नाही. होतं असं कधी कधी. दुसरं कुणी आहे का? लहानपणापासून ज्याचा आवाज काकांच्या कानात आहे, असं? भाऊ, बहीण?"

हौसाच्या डोळ्यांसमोर चहाचा गाडा आला. गाड्याजवळच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला माणूस आला. त्याच्यामागोमाग दुसरं एक चित्र आलं: तो या खुर्चीत बसलाय, तोंड उघडतोय, आणि पडदा पिवळाधमक होतोय. सगळ्यांदेखत. जिने एवढा संसार केला त्या बाईच्या नावावर अंधार, आणि माग मोडणाऱ्याच्या नावावर उजेड.

"न्हाई," ती म्हणाली. "दुसरं कुणी न्हाई."

आणि ती जोरजोराने बोलू लागली. पुढच्या वाक्याला पेटेल, त्याच्या पुढच्या वाक्याला पेटेल, असं म्हणत बोलत राहिली. लग्नातलं बोलली, तिच्या गेलेल्या बाळाचं बोलली. जे ओठांनीसुद्धा कधी बोलली नव्हती तेही बोलली. किती वेळ गेला ते तिला पुढेही कधी धड सांगता आलं नाही. निळं काळपट व्हायला लागलं होतं आणि काचेपलीकडचं कुणीच आता बोलत नव्हतं. ती शांतता तिला सहन झाली नाही.

तिने कानातलं यंत्र काढलं, परत घातलं.

"खाली चहाच्या गाड्यावर तेंचा भाऊ बसलाय," ती म्हणाली.

डॉ. ऋजुतांनी मान वळवून काचेतून तिच्याकडे पाहिलं. तोंडावर मुखपट्टी होती, फक्त डोळे दिसत होते. लगेच त्या पुन्हा कामाला लागल्या.

भरमू धापा टाकत आला. खुर्चीच्या टोकावर बसला. माईककडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलंच नाही.

"अण्णा," तो म्हणाला. "मी भरम्या."

कानाजवळची जागा पिवळी झाली. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी, मग बोराएवढी.

"तू मला पंचगंगेत ढकलून दिलतंस, आठवतंय? म्हणलास, हात मार भरम्या, न्हाईतर आईला सांगतो बुडाला म्हणून. आणि मी नाकातोंडात पाणी जाऊन वरडाय लागलो, तर तूच कापडासकट उडी टाकलीस. कापडं वाळूस्तवर दोघं झुडपात लपून बसलो. गाढव कुठला." तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "आता तू हात मार. मी काठावर हाय."

"वायू खाली घेतेय," डॉक्टर म्हणाल्या. "उतरतंय. उतरतंय बघा."

निळं फिकं होत गेलं. हौसा खुर्चीमागे उभी राहून ते पाहत होती. नवरा वाचत होता.

*

गाठ पुरती निघाली नाही. मेंदू फुगलेला असताना एका कोपऱ्यातला तुकडा काढणं धोक्याचं होतं. तो ठेवून दिला. सूज ओसरली की पुन्हा उघडायचं ठरलं.

भरमू दुपारीच निघाला. जिन्यापाशी हौसाच्या हातात टोपी दिली. "ही तुमीच आणली म्हणा. आणि वैनी, मी आलतो ते अण्णाला सांगू नगा. नगो म्हणला आणि मी आलो, तर राग ईल तेला. आता राग बरा न्हाई." मग त्याने हात जोडले. "तुमी बोलवलंसा. लई उपकार झालं."

हौसाचे ओठ हलले. *मी खोटं बोललो, भरमू.* आवाज आला नाही. भरमू ओठ वाचणाऱ्यांतलाच होता, पण तो चपला शोधायला खाली वाकला होता.

तवनाप्पा शुद्धीवर आला, बोलू लागला, जेवू लागला. सगळं ठीक, फक्त उजवा हात ढिला. डॉ. ऋजुतांनी सांगितलं, "काका, चिमूट करा."

त्याने हात वर केला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांकडे निघाली आणि गव्हाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून थांबली. त्याने जोर केला. दाणा तसाच राहिला.

हौसाने नजर खाली घेतली. मागवाले समोरच्याला चिमूट वर करून दाखवतात, म्हणजे धागा तुटलाय, ये, जोडायचाय. असंख्य वेळा तिने त्या हाताची चिमूट पाहिली होती आणि आपला माग सोडून गेली होती.

"जाऊ दे," तवनाप्पा म्हणाला. "आता कुठं धागं जोडायचं हायती? जीव वाचला. हिचा आवाज हुता कानात, म्हणून निभावलं." त्याने टोपी कानांवर ओढली. "ही कुठनं गं आणलीस?"

"हितनंच घेतली," हौसा म्हणाली.

शेजारच्या खाटेवरची बाई हे ऐकत होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डात पसरलं. बाया येऊन हौसाला विचारू लागल्या, "काय बोललासा ओ आत? आमालाबी सांगा की. आमच्या मालकांचं सोमवारी हाय." एकजण म्हणाली, "माझा आवाज ऐकला तर माझा नवरा उठून पळून जाईल." सगळ्या हसल्या. हौसाला हसू येईना. ती पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली.

*

काही दिवसांनी तपासणीसाठी तवनाप्पाला जागेपणीच आरशाच्या कड्यात बसवलं. हौसा समोर उभी होती. डॉक्टर आकडे लावत होत्या. तवनाप्पाने नजरेने विचारलं, आणि हौसाने नेहमीच्या सवयीने ओठ हलवले. *दुखतंय का?*

डॉ. ऋजुता एकदम थांबल्या. "मावशी, आत्ता काय केलंत? परत करा."

*दुखतंय का, म्हणलं.*

पडद्यावर डोक्याच्या मागच्या भागात, जिथे डोळ्यांनी पाहिलेलं पोहोचतं तिथे, पिवळा झोत पेटला आणि कानाकडे पसरत गेला. भरमूच्या वेळी बोराएवढं होतं. हा लिंबाएवढा.

डॉक्टरांनी हौसाला बाहेर नेलं. व्हरांड्यात बाकावर बसवलं.

"तुम्ही त्यांच्याशी आवाजानं कधी बोललाच नाहीत, हो ना? त्यांच्या मेंदूत तुम्ही डोळ्यांवाटे राहता. भूल दिली की डोळे मिटलेले. आम्हाला सुचायला हवं होतं हे. तुम्हाला सोबतीचा आवाज म्हणून बसवणं हीच चूक झाली, आणि ती आमची."

कुणी दुसरी असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता. हौसाचा आणखीनच अडकला. म्हणजे ज्या भीतीने ती खोटं बोलली, ती भीतीच खोटी होती.

"डॉक्टर, एक इचारतो. तुमी पहिल्यांदा इचारलं, दुसरं कोण हाय का, तवा भरमू खालीच हुता. मला म्हाईत हुतं."

"माझ्या लक्षात आलं होतं."

"तवाच सांगितलं असतं, तर हात राहिला असता?"

डॉ. ऋजुतांना खोटं बोलता आलं असतं, आणि हौसाला ते हवंही होतं.

"गाठ हाताच्या जागेलाच चिकटलेली होती. हात तसाही गेला असता, असं होऊ शकतं. त्या सुजेनं गेला, असंही होऊ शकतं. आरसा रक्त दाखवतो, मावशी. 'असं केलं असतं तर' हे दाखवत नाही." मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या वेळेला आवाज कुणाचा, ते काकांनीच सांगायचं असतं. उद्या विचारेन. ते परत तुमचं नाव घेणार. मग आरशात काय दिसलं ते मला त्यांना सांगावंच लागेल. पण त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं."

"आरशात दिसलं तेवढंच सांगाल न्हवं तुमी?"

"मला तेवढंच माहीत आहे."

फाटकाशी काय झालं ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. भरमूला ते खरं वाटत होतं. तवनाप्पाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिघांपैकी कुणीही ते आपणहून उकरणार नव्हतं. ती गप्प बसली तर भरमू येईल, बोलेल, शस्त्रक्रिया पार पडेल. आणि उरलेल्या जन्मात भरमू समजेल अण्णाने मला नको म्हटलं, आणि अण्णा समजेल भरमू आपणहून आला नाही, बोलावल्यावर आला.



*

जेवणं झाल्यावर वॉर्डात गलका होता. भांडी, फोन, रडणारं एक मूल. तवनाप्पा उशाला टेकून बसला होता, कानटोपी घालून. हौसा समोर येऊन उभी राहिली. दोघांच्या ओळखीचं होतं ते सगळं. भोवती आवाज, आणि मध्ये त्यांचं निःशब्द बोलणं.

*आत माझा आवाज चालला न्हाई,* तिने ओठांनी सांगितलं. *तुमाला वाचवलं ते भरमूनं.*

*भरमू? कवा आला?*

*त्याच सकाळी आलता. फाटकावर. मीच हाकलला. मी सांगितलं, तुमीच नगो म्हणलाय.*

तवनाप्पा तिच्या ओठांकडे पाहत राहिला.

*आत डॉक्टरनं इचारलं, दुसरं कोण हाय का. मी न्हाई म्हणलो. मग लई उशिरानं सांगितलं. तुमचा हात—*

तवनाप्पाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

हौसा तशीच उभी राहिली. तिचे ओठ आणखी दोन-चार शब्द हलले आणि थांबले. सांगायचं अर्धं राहिलं होतं आणि ते पोहोचवायची वाट बंद झाली होती. तिने पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला जायचा विचार केला. तिथे माणूस मावण्याएवढी जागा नव्हती.

मग ती बोलली. आवाज काढून. वॉर्डातल्या बाया ऐकत होत्या, ज्या तिला विचारायला आल्या होत्या त्याही ऐकत होत्या. तिने आवाज कमी केला नाही.

"तुमचा हात माझ्यामुळं गेला असंल. डॉक्टर म्हणती, सांगता येत न्हाई. पर मला वाटतं, माझ्यामुळंच. तिथं त्यो पडदा हुता. माझ्या बोलण्यानं काय पेटंना. वाटलं, भरमू आला आणि पेटलं, तर माझं काय राहिलं? म्हणून गप बसलो. तुमी आत मरत हुतासा आणि मी माझं बगत बसलो. भरमूला अजून वाटतंय, तुमीच नगो म्हणलाय. तरीबी त्यो बोलला. आणि जाताना माझ्याच पाया पडल्यागत हात जोडून गेला."

भिंतीकडचं डोकं हललं नाही. मग त्या बाजूने आवाज आला.

"टोपी त्याचीच न्हवं?"

"व्हय."

"तंबाखूचा वास येतोय हिला. पहिल्या दिवशीच कळलं मला." त्याने डाव्या हाताने टोपी चाचपली. "मला वाटलं, तूच त्याला बोलवून घेतलंस. सांगायला लाजतीयास. मला वाटलं, मिटलं एकदाचं. चार दिस मी त्या आनंदात हुतो."

हौसाने पलंगाची कड धरली. शिव्या ऐकायची तयारी करून ती आली होती.

"माग त्यानं मोडलं न्हाईत, हौसा. मालकानं मोडलं. तेच्या हातात नुसता पाना हुता. मी तवाच बोलायला पायजे हुतं. भरमूला बोलीव. तूच जा. फोन करू नगंस, जा."

ती दुसऱ्या दिवशी गेली. नव्या कारखान्याच्या दारात उभी राहिली, आत माणूस दिसत नव्हता आणि शेकडो माग पळत होते. भरमू बाहेर आला. तिने त्याला तिथेच, त्या आवाजात, ओठांनी सगळं सांगितलं. या वेळी तो वाकला नव्हता. त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग आत गेला, पिशवी घेऊन आला, आणि तिच्याशी एक शब्दही न बोलता एसटीत बसला.

*

दुसरी शस्त्रक्रिया होईपर्यंत तवनाप्पा हौसाशी कामापुरतं बोलत होता. ती मात्र रोज त्याच्याजवळ बसून बोलायची. आवाजाने. त्याचं तोंड भिंतीकडे असलं तरी. शेळीचं, पेरूचं, भरमूच्या नातवाचं. तो ऐकतोय की नाही ते तिला कळत नव्हतं. तो "गप" म्हणत नव्हता, एवढंच.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काचेच्या खोलीत भरमू बसला. "अण्णा, मी भरम्या" म्हणाला आणि पिवळं पेटलं. वायू कमीच राहिला. निळं फिकं होतं. शल्यविशारद आत मुकाट्याने काम करत होते. मग भरमूचा घसा बसायला लागला.

"मावशी, थोडा वेळ तुम्ही बसा," डॉ. ऋजुता कानात म्हणाल्या. "आता सगळं नीट आहे. तुम्ही एवढे दिवस बोलताय त्यांच्याशी. बघू तरी, काही दिसतंय का."

भरमू उठला. हौसा खुर्चीत बसली. पडद्यावर बोराएवढं पिवळं होतं, भरमूचं. ते मावळत चाललं होतं.

तिने खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ केली.

"पेटलं तरी सांगू नगा मला," ती म्हणाली. "न्हाई पेटलं तरी सांगू नगा. भरमू, तूबी सांगू नगंस. चुकलं-माकलं तर तू बोलाय लाग, मला बाजूला ढकल."

भरमू पडद्यासमोर भिंतीला टेकून उभा राहिला. हौसासमोर आता नुसती पांढरी भिंत होती. तिने माईक जवळ ओढला.

"अहो, मी हौसा," ती म्हणाली. "भरमू हितंच हाय. मीबी हाय. पेरूची कीड गेली बगा. खालच्या फांदीला एक धरलाय, अजून हिरवाच हाय. राघू चोच मारतंय म्हणून फडकं बांधून आलोय."

मागे भरमू गप्प होता. पडद्यावर काय होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. तिने मान वळवली नाही. ती बोलत राहिली.